फरशीखालची घूस

आमचे हे, घर सजवायला लागले की मी कपाळाला हात लावते.

तुम्ही म्हणाल, काय बाई ही! नवरा स्वतःच्या हातानं घर नीट करतोय आन् ही कपाळाला हात लावून बसलीय. म्हणा. म्हणायला काय जातंय तुमचं? माझ्या जागी राहून बगा, मग कळंल.

आमचे हे, म्हणजे खंडेराव, कामानं खलाशी. आम्ही साताऱ्याकडनं हितं पाम गावाला आलो तवा शेजारच्या साखरबाईनं पहिल्या दिवशीच विचारलं, "तुमचा मालक खलाशी, मग होडी कुठं हाय? जाळी कुठं हाय?" मी म्हटलं, बाई, हे समुद्रातले खलाशी न्हवं. जड यंत्रं साखळ्या-कप्प्या लावून उचलायची आन् नेमक्या जागेवर बसवायची, ते हे खलाशी. धरण असो, न्हाईतर तारापूरचं हे ॲटमिकचं बांधकाम असो, मोठं काम निघालं की ह्यांना बोलावणं येतं. काम संपलं की कुत्रं विचारत न्हाई. मग ट्रंक उचलायची, पोर उचलायची आन् दुसरा गाव धरायचा.

ह्यांच्या दोन खोडी सांगते, म्हणजे पुढचं ध्यानात येईल.

पहिली खोड अशी, की जागा सोडायची ठरली की हे ती जागा सजवायला घेतात. फलटणकडं कालव्याच्या कामावर होतो. वर्षभर मी चुलीपुढं उकिडवी बसून भाकरी थापल्या, तवा काही न्हाई. निघायच्या आधल्या आठवड्यात ह्यांनी चुलीला झकास ओटा बांधला. कोयनेला तीच गत. दगडी न्हाणी बांधली, अशी उताराची की पाण्याचा थेंब राहायचा न्हाई. पण त्या न्हाणीत पहिली आंघोळ कुणी केली? आमच्यामागनं राहायला आलेल्या बाईनं. मी तोवर ट्रंकेवर बसून लॉरीत. विचारलं तर म्हणतात, "घाण करून उठू नये. मागच्यानं आपलं नाव काढावं." मागच्याचं पडलंय! पुढ्यात बसलेल्या बायकोनं नाव काढलेलं चालत न्हाई व्हय?

दुसरी खोड, हातातलं काम अर्धं टाकून हे हलायचे न्हाईत. कोयनेला लॉरीवाला भोंगा वाजवून वाजवून दमला, आन् हे न्हाणीतली शेवटची सांध भरत बसलेले. "झालं, झालं," म्हणत बोटानं सिमेंट चोळत होते. ती सांध भरल्याशिवाय उठले न्हाईत.

पामला आल्यावर मात्र मी हट्ट धरला. म्हटलं, चाळीतली खोली नको, भाड्याचं नको, दोन खोल्या का असंनात पण भिंत माझी पायजे. सहा महिने मी तोंड फुगवून बसले तवा घर उभं राहिलं. वर कौलं, दारात तुळस, पुढं मोकळं अंगण. अंगण मी रोज शेणानं सारवायची. साखरबाईशी गट्टी जमली. पोरगी पारू हितंच वयात आली, आन् पालघरच्या भातगिरणीतला फिटर बगून आम्ही तिचं लगीनही ठरवलं. वैशाखातली तिथी निघाली. म्हटलं चला, सुगंधाबाई, आता हितंच हाडं ठेवायची. लेक एका स्टेशनावर, आपण दुसऱ्या. सकाळी निघालं तर दुपारी नातवाला बगून परत.

आन् पौषाच्या अखेरीला दारात गाडीवाल्या गोमाची बैलगाडी उभी.

"वयनी, कुठं उतरवू?" गोमा विचारतोय. गाडीत शहाबादी फरश्या, एकावर एक. बोईसर स्टेशनावरनं आणलेल्या.

"कुणाच्या ह्या?"

"तुमच्याच. खंडेरावदादानं सांगितलं. अंगनात घालायच्या हायत."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. तांदूळ सांडले, कोंबड्या धावल्या, गोमा हसाय लागला. मला काय हसू येणार? न्हाणी आठवली मला. ओटा आठवला.

संध्याकाळी हे कामावरनं आले. हातपाय धुवायच्या आधी फरश्यांजवळ गेले, एकेकीवर हात फिरवला. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभी.

"कशापायी आणल्या?"

"पावसात चिखल होतो."

"इतकी वर्षं होत न्हवता का चिखल?"

"पारूचं लगीन हाय. माणसं येणार."

"मी सारवते की. लख्ख सारवते. खरं सांगा, दुसरीकडचं बोलावणं आलंय का?"

"कसलं बोलावणं? तू भाकरी वाढ."

"वाढते. पण हाय का न्हाई, तेवढं सांगा."

"बगू," म्हणाले.

बगू! ह्या माणसाच्या तोंडात बगू आलं की समजायचं, ट्रंकेवरची धूळ झटकायची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी मी पुंडलिकला गाठलं. तो ह्यांच्या टोळीतला, आमच्याच मुलखाचा, मला वहिनी म्हणतो. आधी इकडं बगतोय, तिकडं बगतोय. मी म्हटलं, पुंडलिकराव, तुम्हाला माझ्या हातचं कालवण गोड लागतं न्हवं? मग बोला. तवा म्हणाला, "वहिनी, हितली मोठी यंत्रं बसली. आता खलाशी थोडेच ठेवणार. लांब उत्तरंला काम निघालंय, तिकडं नावं घेत्यात. दादांचं नाव पहिलं हाय."

मी घरी कशी आले मला ठाऊक न्हाई. आले आन् अंगणात उभी राहिले. ह्यांनी सकाळी कामावर जायच्या आधीच दोरी बांधून ठेवली होती, चारी कोपऱ्यांत खुंट्या ठोकून. माझी सारवलेली जमीन एका कडेनं वीतभर खणलेली.

तवापासनं माझं काही ठिकाणावर राहिलं न्हाई. दूध उतू जायचं. भात करपायचा. पारू विचारायची, "आई, तुला झालंय काय?" काय सांगू? तुझ्या लग्नाची हळद वाळायच्या आत तुझं माहेर उठणार हाय, असं सांगू? दिवाळसणाला कुठं यायचं पोरीनं? उत्तरंला? मी हितनं दारात जायची, दारातनं परसात, परसातनं परत दारात. साखरबाई म्हणाली, "सुगंधा, पायाला भिंगरी लागली का गं तुज्या?"

आन् हे रोज संध्याकाळी येऊन शांत फरश्या बसवत होते. हे काम बगायला मोठं गोड, ते मला कबूल करायलाच पायजे. आधी माती उकरायची. मग मुरूम पसरायचा, त्यावर पाणी मारून धुम्मसानं ठोकायचा. धुम्मस म्हणजे लाकडी दांड्याचा जड ठोकळा, तो उचलून आपटला की पायाखालची जमीन हादरायची. मुरमावर चाळलेली रेती. रेतीवर फरशी अलगद ठेवायची आन् लाकडी हातोडीनं ठोकत ठोकत दोरीच्या पातळीला आणायची. सगळ्या अंगणाला वाटेकडं थोडा ढाळ, पावसाचं पाणी घरात यायला नको म्हणून. पारू पदर खोचून रेती भिजवायची. बाप-लेक एकमेकांशी बोलायचे न्हाईत, तरी दोघांना सगळं कळायचं. मी ओसरीत लसूण सोलत बसायची आन् बोटं सोलून घ्यायची.

फरशी बसली की हे तिच्यावर हातोडीच्या दांड्यानं वाजवून बगायचे. टण्ण वाजली तर खालची रेती भरीव. भद्द वाजली की म्हणायचे, "पोकळ बोलतीय," आन् ती फरशी उचलायची, खाली रेती घालायची, परत बसवायची. सांधी भरायच्या त्या सगळं अंगण झाल्यावर, एकदम. पोकळ फरशी ठेवून हे पुढं जायचे न्हाईत. आन् रोज काम सुरू करायच्या आधी कालच्या सगळ्या फरश्या वाजवून बगायच्या. खलाश्यांची शिस्त. यंत्राखालचा बोल्टसुद्धा ते असाच वाजवतात म्हणे.

ते ऐकता ऐकता एक दिवस माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

अगं, हा माणूस काम अर्धं टाकून हलत न्हाई ना? मग काम होऊच द्यायचं न्हाई!

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले, पारू विहिरीवर गेली. मी उलथनं घेतलं, भाकरी उलथायचं, आन् कडेच्या फरशीच्या सांधीतनं खाली घातलं. रेती खरवडून काढली, मूठभर, दोन मुठी. टोपलीत भरून परसात केळीच्या बुंध्याला टाकली. इकडंतिकडं असं बगत होते, जसं काही मी कुणाचा खजिना फोडला. पोटात मात्र गार वाटलं. किती दिवसांनी मी त्या दिवशी पोटभर जेवले.

संध्याकाळी हे आले, वाजवलं. भद्द.

"पोकळ बोलतीय," म्हणाले. दोनदा वाजवलं. मग उचलली, खाली रेती घातली, बसवली. पुढचं काम त्या दिवशी अर्धंच झालं.

मग काय, मला सवयच लागली. रोज एखादी, कधी दोन. सांधी भरलेल्या नसल्यामुळं उलथनं सुरकन जायचं. पुढं दोन पावलं तर मागं दीड, असं काम चाललं. ह्यांच्या कपाळावर आठी पडली. एका संध्याकाळी साखरबाई कुंपणापाशी उभी असताना हे म्हणाले, "घूस लागलीय वाटतं. खालची रेती नेतीय."

झालं! साखरबाई म्हणजे काय, दुसऱ्या दिवशी सकाळी घुशीचा पिंजरा घेऊन हजर. "यात सुक्या बोंबलाचा तुकडा लावा. आमच्याकडं लगेच गावते." मला बोंबलाचा वास सोसत न्हाई, तरी मी पदर नाकाला लावून तो पिंजरा लावला. रोज सकाळी साखरबाई यायची, "गावली का?" मी म्हणायची, "लबाड हाय बाई मोठी." पारू तोंड फिरवून हसायची. पोरीला कळलं असावं. लेकी आईला ओळखतात.

शिमगा आला, गेला. गावात होळ्या पेटल्या, ढोल वाजले, आमच्या अंगणातल्या फरश्या काही दारापर्यंत पोचल्या न्हाईत. मला वाटलं, जिंकले. पुंडलिकला विचारलं तर म्हणाला, "नावं घेतलेली माणसं एकेक निघाली, वहिनी. दादाच थांबलेत. साहेबाला म्हणाले, घरचं काम हाय." ऐकून मी साखरबाईच्या घरी गूळ वाटला. कशाबद्दल ते सांगितलं न्हाई.

शिमग्याच्या तोंडावर कधीतरी फरशी उचकटताना माझी एक बांगडी फुटली होती. हिरवी, संक्रांतीला भरलेली. मनगटावर ओरखडा उठला. पारूला म्हटलं, कपडे आपटताना फुटली. तुकडे गोळा केले, फेकून दिले, आन् विसरून गेले.

पण माणूस किती दिवस रेती चोरणार? चैत्रात ह्यांनी पाळी बदलून घेतली. आता दुपारभर घरीच. मी उलथनं घेऊन नुसती चुलीपाशी. फरश्या भराभरा सरकत आल्या. तुळशीला वळसा घातला, ओसरीच्या पायरीला भिडल्या. ह्यांनी सांधी भरायलाही घेतल्या. लग्न तोंडावर आलेलं, पाहुण्यांना कळवायचं, पापड लाटायचे, आन् मी मोजत होते काय, तर उरलेली उघडी माती.

सुट्टीच्या दिवशी सकाळी बगितलं तर एकच चौकोन उरला होता. दाराच्या समोर, तुळशीच्या अंगाला. त्याची फरशी भिंतीला टेकवून ठेवलेली. हे विहिरीवर हात धुवायला गेलेले.

मला दुसरं काही सुचलं न्हाई. मी गेले आन् त्या चौकोनात फतकल मारून बसले. चांगलं धुवट लुगडं नेसलेली, तशीच मातीत.

हे आले. ओल्या हातानं उभे राहिले.

"हे काय?"

"बसलीय."

"ऊठ."

"उठत न्हाई. घाला फरशी माझ्या डोक्यावर. माझ्यासकट सांध भरा. मागून येणारी बाई म्हणंल, काय सुरेख अंगण, आन् ह्यात काय पुरलंय कुणास ठाऊक!"

"अगं, पोरगी ऐकंल."

"ऐकू दे! सगळ्या पामला ऐकू दे. ओटा बांधला, उठवलंत. न्हाणी बांधली, उठवलंत. आता हे. मी काय यंत्र हाय का, साखळी लावली आन् उचललं? मला सगळं ठाऊक हाय. पुंडलिक बोललाय मला. उत्तरंला जायचंय ना? मी न्हाई येणार. जावा तुम्ही!"

रागात बोलले मी. माणूस रागात काय बोलत न्हाई?

हे माझ्यासमोर उकिडवे बसले आन् सदऱ्याच्या खिशातनं काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. काचेचा तुकडा. हिरवा.

"घुशीला बांगड्या असतात हे मला ठाऊक न्हवतं," म्हणाले.

मी तो तुकडा उलटसुलट करून बगितला.

"कवा गावला?"

"शिमग्याच्या आधी. फरशीखाली, रेतीत."

"मग बोलला का न्हाई?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस." हे हातातली माती झटकाय लागले. झटकायला काही न्हवतंच. "मलाबी थोडे दिवस पायजे होते."

एवढे दिवस मी रेती काढायची आन् हा बाबा मुकाट भरायचा, आन् दोघं एकमेकांना घूस घूस म्हणत होतो.

"ह्या चौकोनात फरशी बसवायची न्हाई," हे म्हणाले. "लग्नाआधी न्हाई. पारूची मेढ कुठं रोवणार? दगडात? बाकी मांडवाचे खांब बाहेर घेता येतील, पण मुहूर्तमेढ दारासमोर मातीतच पायजे. म्हणून ठेवलाय. मांडव उतरला की बसवीन, आन् मग जाईन."

"जाईन?"

"मी. तू न्हाई." त्यांनी माझ्याकडं बगितलं न्हाई, तुळशीकडं बगत बोलले. "माझ्या हाताला हितं काम राहिलं न्हाई, आन् दुसरं काही मला येत न्हाई. पण तुला आता उठवायचं न्हाई. पोरगी पालघरला, तू हितं. म्हणून अंगण केलं. तुझ्यासाठी केलं. ह्या खेपेला मागून दुसरी बाई यायची न्हाई."

बगा, किती महिने मी देवाला तेच मागत होते. आन् देवानं दिलं तवा मला हुंदका आवरंना.

"मला राहायचं होतं वो," मी म्हटलं, "पण तुमच्यासकट."

ह्यांनी ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला, बास. पारू दारात उभी राहून पदरात तोंड घालून रडत होती. साखरबाई कुंपणापलीकडनं ओरडली, "गावली का घूस?"

लगीन झकास झालं. ह्यांनी त्या चौकोनात खड्डा घेतला, सुपारी-हळकुंड टाकलं, उंबराची डहाळी बांधलेली मेढ रोवली. पालघरची माणसं म्हणाली, काय अंगण हाय, वाऽ! पारू ह्याच फरश्यांवरनं गेली. मागं वळून बगितलं तिनं, आधी मला, मग बापाला.

मांडव उतरला. मेढ काढली. ह्यांच्या निघायचा दिवस उजाडला. ट्रंक ओसरीत, गोमाची गाडी वाटेवर, बोईसरला गाडी पकडायची घाई. आन् ह्यांनी खड्डा बुजवला, मुरूम ठोकला, रेती पसरली, दोरी लावली. मग भिंतीकडं वळले.

भिंतीला फरशी न्हवती.

परसात बगितलं. ओसरीच्या खाली बगितलं. कौलांच्या ढिगामागं बगितलं. गोमा ओरडतोय, "दादा, गाडी चुकंल!"

"अगं, फरशी कुठाय?"

मी चुलीपाशी शिदोरी बांधत होते. हातातलं काम थांबवलं न्हाई.

"घुशीनं नेली," म्हटलं.

हे दारात तसेच उभे. आधी कपाळाला आठी. मग ती आठी हळूहळू गेली. मी आन् साखरबाईनं आदल्या दुपारी ती फरशी ओढत ओढत नेऊन तिच्या पेंढ्याच्या गंजीत घातली होती, कंबर मोडली होती दोघींची. ते काही मी सांगितलं न्हाई. ह्यांनीही विचारलं न्हाई. शिदोरी घेतली, त्या उघड्या चौकोनाकडं एकदा बगितलं आन् गाडीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस काम अर्धं टाकून गेला.

आता पावसात त्या चौकोनात पाणी साठतं. येणारा-जाणारा म्हणतो, सुगंधाबाई, एवढी एक फरशी बसवून घ्या की. जावईबापूही म्हणाले, मी बसवतो, अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, हात लावाल तर जेवायला वाढणार न्हाई.

गणपतीला पुंडलिक सुट्टीवर आला. तोही तिकडंच हाय आता, ह्यांच्याच टोळीत. दारात चपला काढल्या, चौकोनाला वळसा घालून ओसरीत आला आन् पाणी प्यायच्या आधी म्हणाला, "वहिनी, दादांनी पहिलं हेच विचारायला सांगितलंय. घुशीनं फरशी परत आणली का?"

"न्हाई म्हणावं."

"रोज काढतात हो तो विषय. जेवताना काढतात, झोपताना काढतात. म्हणतात, एक फरशी राहिली माझी."

मी आत गेले, तोंडावर पाणी मारलं, त्याच्यासाठी चहा टाकला. बाहेर येऊन सांगितलं, "पुंडलिकराव, त्यांना म्हणावं, विहिणबाई ठेचकाळल्या त्या चौकोनात. पाय मुरगळला त्यांचा. लोक नावं ठेवतात म्हणावं."

"खरंच?"

"तुम्ही सांगा तर! आन् हेबी सांगा, घूस आता म्हातारी व्हायला लागली. तिला ती फरशी उचलत न्हाई. ज्याचं काम त्यानं येऊन पुरं करावं."